अमेरिकेत जुनी गाडी घेताय? आधी टायटल, मग गाडी: सॅल्व्हेज आणि रीबिल्टचं सगळं क्रमाने

दरवर्षी ऑगस्ट आणि जानेवारीत नवीन मुलं शिकायला येतात, पंधरा दिवसांत त्यांना कळतं की डॅलससारख्या ठिकाणी गाडीशिवाय दूध आणायलाही जाता येत नाही, आणि मग सेकंड हँड गाडीची शोधाशोध सुरू होते. मी बारा वर्षं इथे राहते, ओळखीतल्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीतल्या मुलांसोबत गाड्या बघायला जाते, आणि चूक दरवेळी तीच दिसते. आधी गाडी बघतात, चालवून बघतात, एसी गार आहे का बघतात, घासाघीस करून भाव पाडतात, पैसे देतात आणि मग घरी येऊन टायटल, म्हणजे मालकीचा कागद, वाचतात. क्रम बरोबर उलटा.

माझ्या भाच्याचं हेच झालं. मी गावात नव्हते, त्याने फोन केला, "मावशी, टायटल क्लीन आहे, विकणाऱ्याने गाडीच्या इतिहासाच्या रिपोर्टचा स्क्रीनशॉट पाठवलाय." मी विचारलं टायटलचा कागद पाहिलास का, तर म्हणाला तो उद्या देणार आहे, आज नाही घेतली तर गाडी जाईल. सात हजार आठशे डॉलर देऊन बसला. दुसऱ्या दिवशी कागद हातात आला त्यावर खाली लिहिलेलं, रीबिल्ट सॅल्व्हेज, म्हणजे मोठ्या नुकसानीत बाद ठरलेली आणि नंतर दुरुस्त केलेली. स्क्रीनशॉटमध्ये अपघाताचा भाग तेवढा होता, टायटलचा भाग कापलेला. तसल्या गाडीला तेवढे पैसे कोणी देत नाही आणि ज्या इन्शुरन्स कंपनीकडे तो गेला त्यांनी फुल कव्हरेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचाही विमा) द्यायला नकार दिला. म्हणून हे सगळं लिहून काढतेय, नीट क्रमाने. टेक्सासबद्दल जास्त लिहिलंय कारण मी इथे राहते, बाकीच्या राज्यांचं जिथे वेगळं आहे तिथे सांगितलंय.

## सुरुवातीआधी: आरसी बुकाची सवय सोडा

आपल्याकडे गाडी घेताना आरसी बघतात, त्यावर बँकेची एचपी (कर्जाचा बोजा) आहे का बघतात, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतात, झालं. म्हणजे आरसी हाच मालकीचा पुरावा असं डोक्यात बसलेलं असतं. इथे तसं नाही. रजिस्ट्रेशन म्हणजे रस्त्यावर चालवायची परवानगी, आणि टायटल म्हणजे मालकीचा कागद, दोन्ही वेगळे. कोणी रजिस्ट्रेशन दाखवून "पेपर्स क्लिअर आहेत" म्हणाला तर त्याने तुम्हाला अजून काहीच दाखवलेलं नाही.

टायटलवर राज्य सरकार शिक्का मारतं, त्याला ब्रँड म्हणतात. शब्द राज्यागणिक बदलतात पण ढोबळ अर्थ असा:

- सॅल्व्हेज: नुकसान इतकं झालं की दुरुस्तीचा हिशोब बसत नाही, म्हणजे टोटल लॉस. या टायटलवर गाडी रस्त्यावर आणता येत नाही.
- रीबिल्ट, रीबिल्ट सॅल्व्हेज, प्रायर सॅल्व्हेज: आधी सॅल्व्हेज होती, नंतर दुरुस्त करून राज्याची प्रक्रिया पार पाडून परत रस्त्यावर आणली. कॅलिफोर्नियात टायटलवर आणि रजिस्ट्रेशनवर नुसतं सॅल्व्हेज्ड असं येतं, म्हणजे शब्द जवळचा पण अर्थ वेगळा, इथे खूप जण गोंधळतात.
- फ्लड: पाण्यात बुडालेली.
- जंक, नॉनरिपेअरेबल, सर्टिफिकेट ऑफ डिस्ट्रक्शन: ही गाडी परत रस्त्यावर यायचीच नाही, फक्त पार्ट्स आणि भंगार. स्वस्तात मिळते म्हणून चुकूनही घेऊ नका.

आता महत्त्वाचं. सॅल्व्हेज कधी म्हणायचं याची रेषा प्रत्येक राज्याची वेगळी आहे. फ्लोरिडात साधारण ८० टक्के, न्यूयॉर्कमध्ये ७५ टक्के, टेक्सासमध्ये १०० टक्के, म्हणजे दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावापेक्षा जास्त झाला तरच, आणि त्यातही रंगकामाचा खर्च आणि दुरुस्तीवरचा सेल्स टॅक्स धरत नाहीत. कॅलिफोर्निया टक्केवारी लावतच नाही, तिथे दुरुस्तीचा खर्च अधिक भंगाराची किंमत मिळून बाजारभावाच्या वर जाते का असं बघतात. म्हणजे दहा हजारांच्या गाडीला आठ हजार दोनशेचं काम निघालं तर फ्लोरिडात ती सॅल्व्हेज आणि टेक्सासमध्ये कायद्याने सॅल्व्हेज टायटल लागत नाही. गाडी तीच, ठोकर तीच. म्हणून "क्लीन टायटल" याचा अर्थ फक्त "सरकारने शिक्का मारलेला नाही" इतकाच घ्यायचा, "काही झालेलं नाही" असा नाही.

## टप्पा १: गाडी बघायला जायच्या आधी तीन गोष्टी मागा

विकणाऱ्याला पहिला मेसेज करताना किंमत कमी होईल का हे विचारू नका. हे मागा:

१. विन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक, आपल्या चॅसिस नंबरसारखा), डॅशबोर्डवरचा फोटो काढून.
२. टायटलचा फोटो, पुढून आणि मागून, पूर्ण कागद दिसेल असा.
३. टायटलवर कधी सॅल्व्हेज, रीबिल्ट, फ्लड किंवा दुसरा कुठलाही ब्रँड होता का, कुठल्याही राज्यात, याचं लेखी उत्तर.

तिसरा प्रश्न मेसेजमध्येच विचारायचा, फोनवर नाही. फोनवर विचारला असेल तर नंतर "आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे" असं लिहून पाठवा आणि त्याचं हो किंवा नाही घ्या. पुढे काही बिनसलं तर हाच मेसेज तुमच्या कामी येतो, "तो म्हणाला होता" याला काही वजन नसतं.

विन नंबर १७ अक्षरांचा असतो, १९८१ नंतरच्या सगळ्या गाड्यांना. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात कारण एक आणि शून्याशी गफलत होते. दहावं अक्षर मॉडेल वर्षाचं. नववा आकडा पडताळणीचा असतो, म्हणून एखादं अक्षर चुकीचं टाइप केलं तर बहुतेक साइट्स "नंबर चुकीचा" असं सांगतात.

थांबा: विन द्यायला कोणी टाळाटाळ करत असेल, "आधी येऊन बघा मग देतो" म्हणत असेल, तर जाऊ नका. विन गाडीच्या काचेतून कोणालाही दिसतो, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

## टप्पा २: रेकॉर्ड काढा, स्वस्तापासून महागाकडे

लोक एकदम महागडा रिपोर्ट घेतात आणि दोन-तीन गाड्यांनंतर कंटाळून पुढच्या गाडीचा घेतच नाहीत. त्यापेक्षा असं करा.

आधी फुकटचं. एनआयसीबी ही विमा कंपन्यांची संस्था आहे, तिची विनचेक सेवा फुकट आहे, चोवीस तासांत पाच गाड्या बघता येतात. चोरीची तक्रार किंवा सॅल्व्हेजची नोंद आहे का इतकंच कळतं आणि तेही सहभागी कंपन्यांनी कळवलं असेल तर. मग तोच विन नंबर सरळ गुगलमध्ये टाका. कोपार्ट किंवा आयएए अशा लिलावात गेलेल्या गाड्यांचे फोटो बऱ्याचदा इंटरनेटवर राहून जातात, आज चकाचक दिसणाऱ्या गाडीचा चेपलेला पुढचा भाग आणि उघडलेल्या एअरबॅग तिथे दिसतात. भाच्याच्या गाडीचे फोटो मला दोन मिनिटांत असेच सापडले, फक्त पैसे देऊन झाल्यावर. रिकॉल (कंपनीने दोष दुरुस्त करायला गाडी परत बोलावणं) बाकी आहेत का हेसुद्धा याच वेळी एनएचटीएसए या सरकारी वाहनसुरक्षा संस्थेच्या साइटवर विन टाकून फुकट बघून घ्या.

मग एनएमव्हीटीआयएस रिपोर्ट. नाव लांबलचक आहे पण हे केंद्र सरकारच्या न्याय खात्याच्या अखत्यारीतलं टायटलचं रेकॉर्ड आहे, १९९२ च्या गाडीचोरीविरोधी कायद्यातून आलेलं. रिपोर्ट मंजूर कंपन्यांकडूनच मिळतो, त्यांची यादी व्हेइकलहिस्टरी डॉट जीओव्ही या सरकारी साइटवर आहे, आणि बहुतेक ठिकाणी दहा डॉलरच्या आत काम होतं. यात सध्या कुठल्या राज्याचं टायटल आहे, आधी कुठल्या राज्यात होतं, कुठले ब्रँड लागले, टोटल लॉस किंवा भंगारवाल्याकडे गेल्याची नोंद, आणि टायटलच्या वेळचं ओडोमीटर हे येतं. दुरुस्तीचा इतिहास यात येत नाही.

इथेच टायटल वॉशिंग पकडता येतं. म्हणजे काय तर एका राज्यात ब्रँड लागलेली गाडी दुसऱ्या राज्यात नेऊन नवीन टायटल काढायचं, त्या राज्याचे शब्द किंवा नियम वेगळे असतात, किंवा अर्ज करताना माहिती दडवली जाते, आणि नवीन कागद कोरा येतो. हार्वी वादळात २०१७ साली ह्यूस्टनमध्ये आणि इयनमध्ये २०२२ साली फ्लोरिडात गाड्या बुडाल्या. अशा मोठ्या पुरानंतर बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून शेकडो मैल लांब जिथे पूर आलाच नाही तिथे विकायला येतात, आणि तिथल्या माणसाला शंकाही येत नाही. हातातला कागद कोरा असला तरी आधीच्या राज्याने लावलेला ब्रँड या रेकॉर्डमध्ये दिसतो, म्हणून हा दहा डॉलरचा रिपोर्ट टाळायचा नाही.

पण यालाही भोक आहे आणि ते विद्यार्थ्यांनाच सगळ्यात जास्त नडतं. विमा कंपन्यांना, भंगार यार्डांना आणि सॅल्व्हेज यार्डांना ३१ मार्च २००९ पासून दर महिन्याला माहिती कळवणं बंधनकारक आहे, मात्र विमा कंपन्यांवरची सक्ती चालू मॉडेल वर्ष आणि त्याआधीची चार वर्षं एवढ्याच गाड्यांपुरती आहे. त्याहून जुन्या गाड्याही अनेक कंपन्या कळवतात, पण ते त्यांच्या मर्जीवर. आणि आपली मुलं घेतात त्या गाड्या आठ-दहा वर्षं जुन्या. शिवाय ज्याच्याकडे फक्त लायबिलिटी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीपुरता, विमा होता त्याने स्वतःची गाडी ठोकली तर त्याच्या गाडीचा क्लेम होतच नाही, क्लेम नाही तर टोटल लॉस नाही, टोटल लॉस नाही तर ब्रँड नाही.

शेवटी कारफॅक्स किंवा ऑटोचेक या खाजगी कंपन्यांचा इतिहासाचा रिपोर्ट, जी गाडी खरंच घ्यायच्या बेतात आहात तिच्यासाठीच. सर्व्हिस कुठे झाली, किती मालक बदलले वगैरे यात जास्त मिळतं. आणि हा रिपोर्ट स्वतः विन टाकून काढायचा किंवा डीलरच्या साइटवरच्या लिंकवरून पूर्ण उघडायचा. स्क्रीनशॉट, पीडीएफ, प्रिंट, काही चालणार नाही.

तपासा: रिपोर्टमधलं राज्य, शेवटच्या टायटलची तारीख आणि मैल हे विकणाऱ्याने पाठवलेल्या टायटलच्या फोटोशी जुळतंय का. जुळत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: टायटलचा कागद ओळीओळीने वाचा

आता खरा कागद, हातात घेऊन, उजेडात. भाव ठरवायच्या आधी.

पहिल्यांदा रिमार्क किंवा ब्रँडची जागा. टेक्सासच्या टायटलवर समोरच्या बाजूला रिमार्कचा चौकोन असतो. तिथे रीबिल्ट सॅल्व्हेज आणि पुढे "डॅमेज्ड" किंवा "लॉस अननोन" असं काही लिहिलेलं असू शकतं. "लॉस अननोन" म्हणजे नुकसान झालं नाही असं नव्हे हां, नक्की काय झालं होतं त्याची माहिती नाही. मला तर ते जास्त काळजीचं वाटतं.

दुसरं नाव. टायटलवरचं नाव आणि समोरच्या माणसाच्या लायसन्सवरचं नाव एकच हवं. "मित्राची गाडी आहे, तो इंडियाला गेला" हे आपल्या लोकांत फार ऐकू येतं आणि कधीकधी खरंही असतं, पण मग रीतसर पॉवर ऑफ अॅटर्नी हवी. आधीच्या मालकाने मागे सही करून दिलेली आणि मधल्या माणसाने स्वतःच्या नावावर न केलेली गाडी म्हणजे टायटल जंपिंग, ते बेकायदा आहे, आणि छुपे धंदेवाले हेच करतात कारण त्यांचं नाव कुठेच येत नाही आणि नंतर पकडायला कोणी सापडत नाही.

तिसरं लीन, म्हणजे कर्ज. बँकेचं नाव असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र हवं. काही राज्यांत टायटल इलेक्ट्रॉनिक असतं, कागद नसतोच, तेव्हा "कागद मागवलाय, येईल" असं म्हटलं तर कागद आल्यावरच व्यवहार करायचा.

चौथं कागदाची तारीख. गाडी दहा वर्षं जुनी, "मी पाच वर्षं वापरली" म्हणतोय आणि टायटल दीड महिन्यापूर्वीचं, तेही दुसऱ्या राज्यातून आल्यावर काढलेलं, तर विचारा का.

मग गाडीवरचा विन जुळवा, डॅशबोर्डवरचा आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा. ओडोमीटर बघा. २०११ आणि त्यानंतरच्या मॉडेलच्या गाड्यांना टायटल ट्रान्सफर करताना मैल लिहून देणं २० वर्षांपर्यंत बंधनकारक आहे, तिथे "लागू नाही" असं खरडलेलं चालणार नाही.

## टप्पा ४: सांगायची जबाबदारी कोणावर किती, हे ओळखा

लोक समजतात की सरकारचा कायदा आहे म्हणजे विकणारा सांगणारच. हा भरवसा महागात पडतो.

डीलरकडे प्रत्येक जुन्या गाडीच्या काचेवर बायर्स गाइड नावाचा कागद लावावा लागतो, हा एफटीसीचा (ग्राहकांचं हित बघणारी केंद्रीय संस्था) देशपातळीवरचा नियम आहे आणि वर्षभरात पाचपेक्षा जास्त जुन्या गाड्या विकणाऱ्याला तो लागू होतो. त्यावर वॉरंटी आहे की "अॅज इज" (आहे तशी, वॉरंटीशिवाय) हे कळतं, आणि गाडीचा इतिहास स्वतः तपासा असा सल्लाही छापलेला असतो. पण टायटल रीबिल्ट आहे हे त्या कागदावर लिहायची सक्ती नाही. ती सक्ती राज्याच्या कायद्यातून येते:

कॅलिफोर्नियात जुलै २०१२ पासून डीलरला गाडी विक्रीला ठेवण्याआधी एनएमव्हीटीआयएस रिपोर्ट काढावा लागतो आणि त्यात जंक, सॅल्व्हेज किंवा टोटल लॉस निघालं तर गाडीवर लाल इशारा स्टिकर लावावा लागतो. फ्लोरिडात रीबिल्ट गाडीवर डिकल, म्हणजे स्टिकर, लावतात, विकण्याआधी लेखी सांगावं लागतं आणि तो डिकल मुद्दाम काढणं हा गंभीर गुन्हा आहे. इलिनॉयमध्ये गाडी रीबिल्ट असल्याचं वेगळं लेखी निवेदन द्यावं लागतं. टेक्सासमध्ये डीलरने गाडीवर तशी पाटी लावायची आणि घेणाऱ्याची सही घ्यायची. त्या सह्यांच्या गठ्ठ्यात हा कागदही असतो बरं का, आणि आपली मुलं सगळ्यावर भराभर सह्या करून मोकळी होतात. नंतर तक्रार घेऊन गेलात की डीलर तुमचीच सही दाखवतो.

खाजगी माणसाकडून घेताना बहुतेक ठिकाणी पाटी नाही, स्टिकर नाही. टायटलवरचा ब्रँड आणि त्याने लिहून दिलेलं उत्तर एवढंच तुमच्याकडे असतं. म्हणून पहिल्या टप्प्यातला मेसेज इतका महत्त्वाचा.

## टप्पा ५: रीबिल्टच घ्यायची असेल तर

मी रीबिल्ट घेऊच नका म्हणणारी नाही. गारांनी पत्रा चेपला आणि टोटल झाली अशी गाडी इंजिनाने उत्तम असू शकते, आणि किंमत तशाच क्लीन गाडीपेक्षा साधारण २० ते ४० टक्के कमी असते. पण तो फरक तुम्हाला मिळायला हवा, विकणाऱ्याच्या खिशात जायला नको. क्रम असा ठेवा:

पहिला फोन इन्शुरन्सला. विन सांगा, टायटल रीबिल्ट आहे हे स्पष्ट सांगा, आणि कोलिजन (ठोकरीचं नुकसान) आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह (चोरी, गारा, पूर वगैरे बाकीचं नुकसान) मिळेल का हे ईमेलवर लिहून घ्या. लायबिलिटी सहसा मिळते, बाकीचं अनेक कंपन्या देत नाहीत, आणि दिलं तरी क्लेमच्या वेळी गाडीची किंमत रीबिल्ट म्हणूनच धरतात. ब्रँड न सांगता पॉलिसी घेऊ नका.

दुसरा फोन बँकेला, कर्ज लागणार असेल तर. बऱ्याच बँका रीबिल्टवर कर्ज देत नाहीत.

मग विकणाऱ्याकडून तीन कागद: दुरुस्तीआधीचे फोटो, पार्ट्सच्या पावत्या, आणि राज्याकडे रीबिल्ट टायटलसाठी दिलेली कागदपत्रं. टेक्सासमध्ये व्हीटीआर-६१ नावाचा फॉर्म भरावा लागतो, त्यात काय दुरुस्त केलं आणि पार्ट्स कुठून आणले हे लिहिलेलं असतं, त्याची प्रत मागा. कागद नाहीत म्हणाला तर माझ्या मते तिथेच थांबावं.

आणि मगच मेकॅनिक, तुम्ही शोधलेला, विकणाऱ्याच्या ओळखीचा नाही. शे-दीडशे डॉलर जातील. त्याला आधीच सांगा की गाडी रीबिल्ट आहे, म्हणजे तो फ्रेम, वेल्डिंग आणि एअरबॅग मुद्दाम बघेल. तुम्ही स्वतःही हे बघू शकता:

- चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर तो बंद करून ठेवलेला असू शकतो, आणि आत एअरबॅगच नसेल.
- सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, चिखलाची रेघ किंवा ओलसर वास येतोय का.
- डिकीतला स्टेपनीचा खड्डा, सीटखालचे रूळ, गंज आणि गाळ. आपल्याकडे पुराचं पाणी शिरलेल्या गाड्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना तो वास लगेच ओळखू येईल.
- बॉनेट आणि दारांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, रबरावर रंगाचे शिंतोडे आहेत का.

इशारा: "राज्याने इन्स्पेक्शन करून पास केलीय" हे ऐकून निर्धास्त होऊ नका. रीबिल्टच्या वेळची तपासणी अनेक राज्यांत मुख्यतः चोरीचे पार्ट्स आणि विन बघण्यासाठी असते. न्यूयॉर्कची तपासणी तर चोरीविरोधीच आहे, गाडी सुरक्षित आहे असं ती सांगत नाही. टेक्सासमध्ये १ जानेवारी २०२५ पासून खाजगी गाड्यांची वार्षिक सेफ्टी तपासणीही बंद झालीय, डॅलस, कॉलिन, डेंटन, टॅरंट अशा काऊंट्यांत फक्त धुराची चाचणी उरली. म्हणजे तुमच्या मेकॅनिकशिवाय ती गाडी नीट बघणारा कोणी नाही.

## टप्पा ६: पैसे आणि सह्या एकाच टेबलावर

टेक्सासमध्ये दोघांनी मिळून काऊंटी टॅक्स ऑफिसला जायचं, टायटलच्या अर्जाचा फॉर्म १३०-यू तिथेच भरायचा, आणि खिडकीवरच्या बाईंनी किंवा माणसाने टायटल बघून ठीक आहे म्हटल्यावर पैसे द्यायचे. अर्धा दिवस जातो, जाऊ दे. पार्किंगमध्ये रोख देऊन टायटल घेणं हीच जागा आहे जिथे बहुतेक जण फसतात.

बिल ऑफ सेलवर (विक्रीच्या कागदावर) विन, मैल, किंमत, दोघांची नावं सह्या आणि एक वाक्य हवंच: टायटल क्लीन आहे आणि माझ्या माहितीत कधीही सॅल्व्हेज किंवा रीबिल्ट नव्हतं, किंवा टायटल रीबिल्ट आहे आणि घेणाऱ्याला ते सांगितलं आहे. क्लीन म्हणून विकणारा हे वाक्य लिहायला कचरला तर उत्तर मिळालं. टॅक्स वाचवायला कमी किंमत लिहू नका, उद्या पैसे परत मागायची वेळ आली तर कागदावरची किंमतच धरली जाईल.

ट्रान्सफर टेक्सासमध्ये ३० दिवसांत, कॅलिफोर्नियात १० दिवसांत.

## टप्पा ७: आता तुम्ही विकणारे असाल तर

हा भाग वगळून पुढे जाऊ नका. इथून परत जाताना किंवा दुसऱ्या राज्यात नोकरी लागल्यावर घाईत गाडी विकायची असते, आणि "कोणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही" हे आपल्यातलेही करतात. समोर घेणारा बहुतेक वेळा आपल्याच युनिव्हर्सिटीतला नवा मुलगा किंवा मुलगी असते. असं करू नका, प्लीज.

तुमची गाडी टोटल झाली आणि तुम्ही ती इन्शुरन्सकडून परत ठेवून घेतली, तर भंगाराची किंमत वजा होऊन पैसे येतात, आणि गाडी सॅल्व्हेज ठरली असेल तर जुनं टायटल जमा करून सॅल्व्हेजचा कागद घ्यावा लागतो. जुनं क्लीन टायटल कपाटात पडलंय म्हणून त्यावर सही करून विकणं ही सरळ फसवणूक आहे. रीबिल्ट करायची असेल तर पहिल्या दिवसापासून फोटो काढा, प्रत्येक पार्टची पावती ठेवा, जुना पार्ट दुसऱ्या गाडीतून काढलेला असेल तर त्या गाडीचा विन पावतीवर लिहून घ्या. दुरुस्ती झाल्यावर पावत्या गोळा करायला बसलात तर निम्म्या मिळत नाहीत आणि अर्ज अडकतो. टेक्सासमध्ये टायटलच्या नेहमीच्या फीवर ६५ डॉलर रीबिल्टची फी लागते. न्यू जर्सीत आधी वेळ घेऊन सॅल्व्हेज इन्स्पेक्शन, ओहायोत हायवे पेट्रोलकडे तपासणी.

विकताना: जाहिरातीच्या पहिल्या ओळीतच रीबिल्ट लिहा, बिल ऑफ सेलवर लिहा, घेणाऱ्याची सही घ्या, प्रत ठेवा. दुसऱ्या राज्यातून आल्यावर नवीन टायटलवर चुकून ब्रँड आलाच नाही तर त्या ऑफिसला कळवून दुरुस्त करून घ्या. आणि गाडी गेल्यावर विक्रीची सूचना डीएमव्हीला (राज्याचं वाहन खातं, आपल्या आरटीओसारखं) द्या, टेक्सासमध्ये ३० दिवसांत, कॅलिफोर्नियात ५ दिवसांत, नाहीतर नव्या मालकाची टोलची बिलं तुमच्या पत्त्यावर येत राहतात.

## फसवणूक झालीच तर

पहिली गोष्ट, तीन दिवसांत गाडी परत करता येते असा समज आहे, तो चुकीचा आहे. डीलरच्या दुकानातून घेतलेल्या गाडीला असा कुठलाही केंद्रीय नियम नाही.

गाडी दुरुस्त करायला, विकायला किंवा पुढे ट्रान्सफर करायला घेऊ नका. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, मेसेज, टायटलचे फोटो, एनएमव्हीटीआयएस रिपोर्ट, पैसे दिल्याचा पुरावा एका फोल्डरमध्ये ठेवा. जाहिरात लगेच सेव्ह करा, ती सगळ्यात आधी गायब होते. मग विकणाऱ्याला लेखी पत्र, काय सांगितलं होतं, काय निघालं, किती पैसे परत हवेत आणि किती तारखेपर्यंत. डीलर असेल तर त्याला लायसन्स देणाऱ्या राज्याच्या खात्याकडे आणि अॅटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाकडे तक्रार करता येते, दोन्हीला पैसे लागत नाहीत.

उत्तर नाही आलं तर लहान दाव्यांचं कोर्ट. टेक्सासच्या जस्टिस कोर्टात २०,००० डॉलरपर्यंत, कॅलिफोर्नियात व्यक्तीला १२,५०० पर्यंत दावा लावता येतो, वकील लागत नाही. स्टुडंट व्हिसावर आहे म्हणून कोर्टात जाता येत नाही असं मुलांना वाटतं, तसं काही नाही. भाच्याने पत्रच पाठवलं होतं, मेसेजमध्ये "क्लीन आहे" असं त्या माणसाचं उत्तर सापडलं म्हणून. त्याने अडीच हजार परत दिले, कोर्टापर्यंत गेलं नाही. पत्र सर्टिफाइड मेलने पाठवा आणि पोचपावतीचं कार्ड जपून ठेवा.